शेजारी नवे, भाषा वेगळी

प्रश्न : शहापुरातल्या आमच्या गल्लीत बागलकोटहून एक कानडी कुटुंब भाड्याने राहायला आलं आहे. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं. त्यांना मराठी येत नाही, आमचं कानडी मोडकंतोडकं. त्यांना परकं वाटू नये म्हणून काय करावं?
— एक गृहिणी, बेळगाव

उत्तर : ताई, तुम्हाला हा प्रश्न पडला, यातच अर्धं काम झालं. मोडकंतोडकं कानडी पुरेसं आहे. दारात उभं राहून ‘बर्री, कुंद्री’ म्हणा, म्हणजे ‘या, बसा’. मग ‘ऊटा आत्री?’, जेवण झालं का, एवढं विचारा. चुकलात तर शेजारीणबाई हसून दुरुस्त करतील आणि तिथूनच ओळख वाढेल. ‘अक्का’, ‘अण्णा’ हे आपले रोजचे शब्दही कानडीतूनच आलेले आहेत.

पहिल्या आठवड्यात नव्या माणसाला माहितीची गरज असते. नळाला पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, गॅस कुठे नोंदवायचा, हेस्कॉमचं वीजबिल कुठे भरायचं, रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे कागदावर लिहून द्या. शक्य असेल तर कानडीत.

सण तर जोडीलाच आहेत. आपल्या पाडव्याला त्यांची उगादी. कडुनिंब आणि गूळ दोन्ही घरांत. संक्रांतीला आपला तिळगूळ, त्यांचं एळ्ळु-बेल्ल. हळदी-कुंकवाला बोलावताना निरोप धाडू नका, स्वतः जा. गणपतीची वर्गणी मागण्याआधी त्यांना आरतीला बोलवा.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न १९५६पासून चालू आहे. त्यावर आपलं मत ठाम असू द्या, पण त्याचा भार शेजारच्या लेकरांवर नको. आज संध्याकाळीच वाटीभर काहीतरी घेऊन त्यांच्या दारी जा.