डोंगरीची डांगरी

मुंबईतील प्रभादेवी व परळ या भागांत पूर्वी कापडाच्या अनेक गिरण्या होत्या. भोंगा वाजला, की चाळीचाळींतून कामगार लगबगीने बाहेर पडत. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या अंगात जाड कापडाचा निळा पोशाख असे. त्याला ‘डांगरी’ म्हणत. हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला. परंतु इंग्रजांना तो कोठून मिळाला?

त्याचे माहेर प्रभादेवीहून दूर नाही. दक्षिणेस काही मैलांवर, बंदराच्या बाजूला, डोंगरी नावाची वस्ती आहे. डोंगरी म्हणजे लहान डोंगर. या ठिकाणाच्या नावावरून एका जाड्याभरड्या सुती कापडास ‘डुंगरी’ म्हणू लागले, असे इंग्रजी कोशांत सांगितले आहे.

कापड गलबतांतून परदेशी गेले. त्याबरोबर नावही गेले. १६१३ साली सॅरिस नावाचा इंग्रज कप्तान पूर्वेकडील मोलुक्का बेटांत हिंदी कापड देऊन लवंगा घेत होता. त्या कापडांच्या यादीत या शब्दाचे जुने रूप आढळते. पुढे इंग्रज हा शब्द ‘यू’ अक्षर घालून लिहू लागले. ‘कप’ या शब्दाप्रमाणे त्या अक्षराचा उच्चार ‘अ’ झाला आणि डुंगरीची ‘डंगरी’ बनली. एकोणिसाव्या शतकात तर कापडाचे नाव त्याच्या विजारीलाच मिळाले. तीच विजार घालून खलाशी व कामगार राबू लागले.

यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात हे कापड हलक्या प्रतीचे म्हटले आहे. असेल! पण उंची रेशीम तेलकट यंत्रापाशी काय टिकणार? कष्टाचे काम करणाऱ्यांचे अंग या हलक्या कापडानेच राखले.

सासरी नाव बदललेली मुलगी माहेरी यावी, तसा हा शब्द ‘डांगरी’ होऊन मुंबईस परतला. पण कोणी त्याला ओळखले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगे थांबले, शब्द मात्र राहिला. मुलांनो, परका वाटणारा शब्द भेटला, तर त्याचे गाव अवश्य विचारा. कदाचित तो आपल्याच शेजारचा निघेल!

स्वाध्याय
१. ‘डोंगरी’ या शब्दाची रूपे कशी बदलत गेली, ते क्रमाने लिहा.
२. ‘हलके कापड’ कोणाच्या उपयोगी पडले? का?
३. गावाच्या नावावरून पडलेली वस्तूंची आणखी दोन नावे शोधा.