मेंढीचे वेत आणि नवजात कोकरांची निगा

महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत ज्या जोडधंद्यांनी कोरडवाहू शेतीला पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला, त्यांत मेंढीपालनाचे स्थान महत्त्वाचे आहे. माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत, पारनेर, संगमनेर या भागांत पीक हाती लागले नाही तरी कळपाने कुटुंब तारले, असे अनेक दुष्काळांत घडले आहे. सन २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. दख्खनी ही येथील प्रमुख जात असून लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे प्रकार ओळखले जातात. जत परिसरातील माडग्याळ मेंढी अंगाने मोठी व मांसासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. घोंगडी विणण्यापलीकडे तिला फारसा भाव मिळत नाही. त्यामुळे मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर आणि शेतात मेंढ्या बसविल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून असते. ही मेंढी बहुधा एका वेतात एकच कोकरू देते. ते दगावले, तर पाच महिन्यांचे गाभणपण आणि त्या काळातील चारापाणी व श्रम वाया जातात. कोकरांच्या मृत्यूंपैकी मोठा वाटा पहिल्या काही दिवसांतील असतो आणि त्यांतील बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. त्यासाठी महागड्या उपायांची गरज नाही. विण्यापूर्वीचे सहा आठवडे आणि विल्यानंतरचा पहिला तास, या दोन वेळा सांभाळणे हे खरे काम आहे.

वेताचा हंगाम आणि स्थलांतर

मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पावसाच्या प्रारंभी नवे गवत फुटले की मेंढ्यांच्या अंगावर तेज येते व त्या माजावर येतात. ज्येष्ठ-आषाढात फळलेल्या मेंढ्या कार्तिक-मार्गशीर्षात वितात. नेमक्या याच सुमारास, दिवाळीनंतर, अनेक कळप गाव सोडतात. पुणे, सातारा, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कित्येक कळप घाट उतरून कोकणात भातकापणीनंतरच्या शेतांत जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. म्हणजे मेंढीला पोषणाची व विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्या दिवसांत तिला वाट चालावी लागते. मेंढपाळाला सल्ला देणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याने ही वस्तुस्थिती प्रथम लक्षात घेतली पाहिजे. गोठ्यातील जनावरांसाठी लिहिलेली सूचना चालत्या कळपाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

शेवटचे सहा आठवडे

गर्भाच्या जन्मवेळच्या वजनापैकी दोन तृतीयांशाहून अधिक वजन अखेरच्या सहा आठवड्यांत वाढते. वाढत्या गर्भाने पोटातील जागा व्यापल्यामुळे मेंढीला एका वेळी पुष्कळ चारा खाता येत नाही. गरज वाढलेली आणि पोटाची जागा घटलेली, अशा या अवस्थेत केवळ वाळलेल्या गवतावर तिचे भागत नाही. पोषण अपुरे पडल्यास कोकरू लहान व अशक्त जन्मते, कास भरत नाही, चीक कमी येतो आणि कृश मेंढी प्रसंगी कोकराला जवळही येऊ देत नाही.

या काळात चराईशिवाय प्रत्येक मेंढीला रोज सुमारे २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. मका किंवा ज्वारीचा भरडा ४० भाग, शेंगदाणा किंवा सरकीची पेंड ३० भाग, गव्हाचा कोंडा २७ भाग, क्षार मिश्रण २ भाग व मीठ १ भाग, असे मिश्रण गावातच तयार करता येते. भरड्याचा काही भाग कमी करून तूर किंवा हरभऱ्याची चुनी वापरता येते. खुराकाचा प्रारंभ ५० ग्रॅमपासून करावा व दहा-बारा दिवसांत क्रमाने पूर्ण मात्रेवर यावे. एकदम पुष्कळ धान्य पोटात गेल्यास पोटात आम्ल वाढून मेंढी दगावू शकते. काढणी झालेल्या शेतात सांडलेल्या कणसांवर उपाशी कळप सोडणे याच कारणाने धोक्याचे असते.

२०० ग्रॅम मात्रेने सहा आठवड्यांत एका मेंढीला साधारण साडेआठ किलो खुराक लागतो. सर्वच मेंढ्यांना तो देणे ज्यांना परवडत नाही, त्यांनी निवड करावी. लोकरीमुळे मेंढीची कृशता डोळ्यांना दिसत नाही. ती हाताला कळते. कमरेवर पाठीच्या कण्यावरून बोटे फिरविली असता हाडांची टोके टोचू लागली, तर ती मेंढी खंगलेली समजावी. अशा मेंढ्या, पहिलारू मेंढ्या आणि पोटाच्या आकारावरून जुळे असण्याचा संभव असलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून खुराक प्रथम त्यांना द्यावा. शेवरी, हादगा, बोर यांचा पाला व बाभळीच्या शेंगा हा उपयुक्त पूरक आहार आहे.

पोटात जुळे असलेली मेंढी उपाशी राहिल्यास शरीरातील चरबी वेगाने वापरली जाऊन तिला गर्भविषबाधा होते. मेंढी कळपाच्या मागे रेंगाळते, चारा सोडते, दिसत नसल्याप्रमाणे अडखळते आणि अखेरीस बसून राहते. ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाची मदत घ्यावी. एक दिवसाचा विलंबही महाग पडतो. गाभण मेंढ्यांना दीर्घकाळ उपाशी न ठेवणे, त्यांच्यामागे कुत्री न लावणे व त्यांना अरुंद फाटकातून दाटीने न हाकणे हीच यावरील खरी प्रतिबंधक काळजी होय.

आंत्रविषाराची लस विण्यापूर्वी तीन-चार आठवडे टोचल्यास तिचा लाभ चिकातून कोकरालाही मिळतो. गाभण मेंढीला कोणते जंतनाशक केव्हा द्यावयाचे, हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे. शेपटीखालील व कासेभोवतीची मळकट लोकर हळुवार कातरून टाकावी. त्यामुळे कोकराला सड लवकर सापडतो आणि लोकरीचे मळके पुंजके चोखण्याची त्याच्यावर वेळ येत नाही.

मेंढी विताना

विण्याची वेळ जवळ आली की मेंढी कळपापासून बाजूला होते, पायाने जमीन उकरते, उठबस करते. कास तट्ट भरते व शेपटीच्या दोन्ही बाजूंस खळगे पडतात. अशा मेंढीला कोरड्या, स्वच्छ व वारा न लागणाऱ्या जागी ठेवावे. कोकराचे पुढचे दोन पाय व त्यांवर टेकलेले नाक प्रथम दिसणे ही नैसर्गिक स्थिती होय. पाणमोट फुटल्यानंतर मेंढी तासभर जोराच्या कळा देत असूनही प्रगती दिसत नसेल, अथवा केवळ डोके, एकच पाय किंवा शेपूट दिसत असेल, तर अडलेली मेंढी समजून जाणकाराची मदत घ्यावी. जोराने ओढाताण केल्यास मेंढी व कोकरू दोन्ही गमावण्याचा धोका असतो.

वार सामान्यतः काही तासांत आपोआप पडतो. तो ओढून काढू नये. बारा तासांनंतरही न पडल्यास उपचार करवावेत. पडलेला वार कुत्र्यांना खाऊ न देता खोल पुरावा. कळपात एकापाठोपाठ अनेक मेंढ्या गाभडू लागल्या, तर ती सांसर्गिक रोगाची खूण असू शकते. असा गर्भ किंवा वार उघड्या हातांनी हाताळू नये, कारण यांतील काही रोग माणसालाही होतात. घरातील गरोदर स्त्रीने तर या कामापासून दूरच राहावे.

पहिला तास आणि चीक

कोकरू जन्मताच त्याच्या नाकातोंडातील चिकट स्राव पुसावा आणि ते आईपुढे ठेवावे. चाटण्याने कोकराचे अंग कोरडे होते, रक्ताभिसरण वाढते आणि आई व पिल्लू एकमेकांना वासाने ओळखू लागतात. मेंढी चाटत नसेल तर कोरड्या गवताने किंवा गोणपाटाने अंग चोळावे. नाळ लांब लोंबत असल्यास दोन-तीन इंच ठेवून स्वच्छ ब्लेडने कापावी व टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. नाळेवाटे शिरलेले जंतू पुढे सांधे सुजवतात व कोकरू लंगडे होते.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम चीक पाजण्याचे. मेंढीच्या गर्भाशयातून गर्भाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती जन्मानंतर केवळ चिकातून मिळतात. कोकराच्या आतड्यांची ही द्रव्ये शोषण्याची शक्ती तासागणिक घटते व एका दिवसात जवळजवळ संपते. म्हणून पहिला चीक शक्यतो अर्ध्या ते एका तासात पोटात गेला पाहिजे. प्रत्येक सडातून एक-दोन धारा काढून तोंडाशी बसलेला चिकट बोळा मोकळा करावा. पहिल्या पाजणीत दर किलो वजनास सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे तीन किलोच्या कोकराला साधारण १५० मिलिलिटर चीक मिळावा. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, किंवा चीक पचत नाही, असे समज काही ठिकाणी आढळतात. ते कोकराच्या जिवावर बेततात.

आईला चीक नसेल, तर त्याच दिवशी विलेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा चीक द्यावा. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहिल्यास तोंड गार लागणे हे धोक्याचे चिन्ह आहे. गार पडून मान टाकलेल्या कोकराला बळेच दूध पाजू नये, कारण ते फुफ्फुसांत जाते. प्रथम त्याला कोरडे करून घोंगडीत गुंडाळावे, उबेजवळ ठेवावे आणि चोखण्याची ताकद आल्यावर पाजावे. सुधारणा न दिसल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.

जुळ्या कोकरांकडे यापुढे अधिक लक्ष द्यावे लागेल. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोल मेंढीचा जुळी देण्याचा आनुवंशिक गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली. मात्र जुळी कोकरे वजनाने कमी असतात व एकाच कासेवर वाढतात. आईच्या पोषणाची तजवीज नसेल, तर या गुणाचा लाभ मेंढपाळाच्या पदरात पडणार नाही.

विल्यानंतरचा आहार

विलेल्या मेंढीला प्रथम स्वच्छ, कोमट पाणी व हिरवा चारा द्यावा. पहिले दोन-तीन दिवस धान्य बेताचे ठेवून नंतर खुराक २५० ते ३०० ग्रॅमपर्यंत वाढवावा. जुळी असल्यास ४०० ग्रॅमपर्यंत. दूध उतरण्यासाठी पाण्याची गरज मोठी असते. दुभत्या मेंढीला रोज सुमारे पाच लिटर, उन्हात त्याहून अधिक पाणी लागते. मेंढी पिल्लाला पाजू देत नसेल, कास गरम किंवा कडक लागत असेल, तर कासदाहाची शंका घ्यावी.

कोकरे दोन आठवड्यांची झाली की कोवळा पाला कुरतडू लागतात. तेव्हापासून त्यांना मोठ्या मेंढ्या शिरू शकणार नाहीत अशा आडोशात थोडा भरडा व पाला ठेवावा. ५० ग्रॅमपासून वाढवीत तो १०० ते १५० ग्रॅमपर्यंत न्यावा. यामुळे पोटाची वाढ लवकर होते व तीन महिन्यांनी दूध तोडताना कोकरू खचत नाही. वाटेवरील कळपात नुकत्याच जन्मलेल्या कोकरांना घोड्यावर बिऱ्हाडासोबत नेण्याची जुनी रीत योग्यच आहे. मात्र दर दोन-तीन तासांनी थांबून त्यांना आईला पाजणे आवश्यक आहे. रात्री वाघरीतील जागा कोरडी असावी व तान्ह्या कोकरांची सोय वेगळी करावी, म्हणजे ती मोठ्या मेंढ्यांखाली तुडवली जाणार नाहीत.

गावाची जबाबदारी

ही सर्व कामे मेंढपाळाच्या हातची असली तरी काही गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. लसीकरणाचा दिवस कळप गावात असतानाच, म्हणजे दिवाळीपूर्वी, आला पाहिजे. वाडे रिकामे झाल्यावर आलेली लस कुपीतच राहते. पशुसंवर्धन विभागाच्या संस्थांनी मेंढपाळांच्या निघण्याच्या तारखा ग्रामपंचायतींकडून घेऊन कार्यक्रम आखावा. ज्या गावांतून कळप जातात, तेथील पंचायतींनी पाण्याची डोणी भरलेली राहील व विलेल्या मेंढ्यांसह कळपाला एक-दोन दिवस मुक्काम करता येईल, एवढी तजवीज केली तरी पुष्कळ कोकरे वाचतील. आजारी जनावरासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेला असावा.

राज्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून कार्य करीत आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी यांचे नाव धारण करणाऱ्या या महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर मेंढीपालनाचे प्रशिक्षण मिळते. मेंढपाळ कुटुंबातील तरुणांना व स्त्रियांना त्याची माहिती देणे हे ग्रामसेवकांना सहज शक्य आहे. तान्ह्या कोकरांकडे पाहण्याचे काम बहुधा स्त्रिया व मुलेच करतात. म्हणून चीक, नाळ आणि ऊब या तीन गोष्टी त्यांच्यापर्यंत प्रथम पोहोचल्या पाहिजेत. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला चिकाचे महत्त्व समजावून सांगितले, तर ते ज्ञान त्याच संध्याकाळी वाड्यावर उपयोगी पडेल.

नव्या मेंढ्यांचे वाटप झाले की कळपाची संख्या वाढलेली दिसते. परंतु ती टिकते ती कोकरे जगल्यामुळे. पन्नास मेंढ्यांच्या कळपात प्रत्येक हंगामी पाच कोकरे अधिक वाचली, तरी त्या कुटुंबाला दरवर्षी पाच नवी जनावरे मिळाल्यासारखेच आहे. त्यासाठी लागतो तो काही किलो भरडा, आयोडीनची एक बाटली आणि वेळेवर दिलेले लक्ष.