शरकार, मधमाशी आणि आजचा दिवस



अवधूताने यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले, ही कथा दत्तभक्तांना नवीन नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात 7 ते 9 या अध्यायांत ती येते. पण राजाचा मूळ प्रश्न आपण वाचताना पुष्कळदा ओलांडून जातो. ब्रह्म म्हणजे काय, असे त्याने विचारले नाही. तुझ्याजवळ काही नाही, तरी तू इतका आनंदात कसा, हे विचारले. सगळे गुरू या प्रश्नाचे उत्तर आहेत.

त्यातला शरकार म्हणजे बाण करणारा कारागीर. जवळून राजाची स्वारी गेली, पण बाण सरळ करण्यात गढलेल्या त्याला पत्ताच नाही. मी बँकेत कारकून होतो, म्हणून मला हा गुरू फार जवळचा. कॉम्प्युटर येण्याआधी संध्याकाळी बेरजा जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. फरक आला की आधी 9 ने भागून बघायचं. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी 54 चे 45 झाले असण्याची शक्यता. मग एकेक व्हाउचर हातात घ्यायचं. त्या तासा-दीड तासात मुलांची फी नाही, उद्याची बस नाही, काही नाही. आणि जुळलं की जो आनंद होई तो पगाराच्या तारखेलाही होत नसे!

नाथमहाराजांची कथा इथे आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब करताना एका पैची चूक त्यांनी रात्रभर जागून शोधली आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली, असे सांगतात. दत्तोपासक स्वामींनी त्यांना हिशेब टाकून दे म्हटले नाही, हेच लक्ष देवाकडे लाव म्हटले. पुढे नाथांनी याच अकराव्या स्कंधावर टीका लिहिली, ती 1573 मध्ये काशीत पूर्ण झाली.

आता खरी अडचण मधमाशीची. तिच्याकडून अवधूत शिकतो की संध्याकाळसाठी, उद्यासाठी साठवू नये. आमच्या प्रतापगडकडे धानाची शेती. दत्तजयंतीच्या सुमारास पुंजणे मोडून मळणी होते, आणि शहाणा शेतकरी घरचे बियाणे आधी बाजूला काढतो. त्याने काय करावे? शिवाय मी तर जन्मभर लोकांना आरडी उघडा म्हणून सांगत आलो.

मूळ वचन नीट पाहिले तर तो नियम भिक्षूसाठी आहे, तसा शब्दच तिथे आहे. गृहस्थाला लागू पडतो तो पुढे येणारा गुरू, मध काढून नेणारा. लोभ्याने कष्टाने साठवले, ना कुणाला दिले, ना स्वतः भोगले, ते तिसराच घेऊन जातो. काउंटरवर अशी माणसे दिसत. मुदत संपली की ठेव पुन्हा ठेवायची, व्याजही त्यातच. गाणगापूरला जायचं ते रिटायर झाल्यावर. रिटायर झाले तोवर गुडघे गेले. माझ्या मते ठेव ठेवण्यात वावगे काही नाही. आजचे जगणेच ठेवीत टाकायचे, हे मात्र अवधूताला मान्य नाही.

पिंगलेचेही तेच. मोठे गिऱ्हाईक येईल म्हणून मध्यरात्रीपर्यंत ती दार आणि घर यांत येरझारा घालत राहिली. आशा सुटली तेव्हा कुठे तिला सुखाची झोप लागली. आणि लहान मूल हाही अवधूताचा गुरूच. महाशिवरात्रीला आमच्या डोंगरावर यात्रा चढते तेव्हा मोठी माणसे ‘अजून किती राहिलं’ विचारतात, मुले वाटेतले दगड वेचत असतात.

सध्या घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह चालू असेल. त्यातही हे होतेच. एका प्रचलित क्रमात पाचव्या दिवशी तीनच अध्याय, म्हणून आपण खूश होतो. मग 36वा उघडला की तो संपता संपत नाही, आणि डोळा पानांच्या जाडीवर जातो. आमच्या मंडळींत एक म्हातारबुवा आहेत. वाचन आटोपल्यावर ‘किती उरले?’ म्हणून विचारलं तर सांगतात, ‘ते पोथीला ठाऊक.’ उद्यापनाच्या शिऱ्याला रवा किती आणि साखर किती, ते मात्र पहिल्याच दिवशी लिहून देतात.