जोर आणि ध्रुव: विद्युतचुंबकाची दोन सूत्रं

भाची: मामा, चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळशाच्या पट्ट्यावर चुंबक कशाला टांगतात?

मामा: खाणीतून कोळशाबरोबर बोल्ट, साखळीचे तुकडेही येतात. ते तसेच पुढे गेले तर पट्टा फाटतो, क्रशर बिघडतो. म्हणून चुंबक त्यांना वरच्या वर उचलतो. विद्युतचुंबकाचा प्रवाह बंद केला की पकडलेलं लोखंड सुटतं.

भाची: ओढ कमी-जास्त कशी करतात?

मामा: गाभ्याभोवतीच्या तारेचे वेढे आणि प्रवाह यांच्या गुणाकारावर ती ठरते. 1000 वेढ्यांतून 2 अँपिअर किंवा 500 वेढ्यांतून 4 अँपिअर, परिणाम एकच. चुंबक आणि कोळसा यांतलं अंतर वाढलं की मात्र ओढ झपाट्यानं घटते.

भाची: मग प्रवाह वाढवतच न्यावा?

मामा: नाही. एका मर्यादेनंतर गाभ्याचं लोखंड संपृक्त होतं, मग ओढ फारशी वाढत नाही. शिवाय प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. कॉइल 50 अंशांनी तापली तर तांब्याचा रोध सुमारे 20 टक्के वाढतो. व्होल्टेज तेच असेल तर प्रवाह घटतो आणि ओढही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा हिशेब तापलेल्या कॉइलचाच धरावा.

भाची: आणि ध्रुव?

मामा: ते प्रवाहाच्या दिशेवर ठरतात. उजव्या हाताची बोटं प्रवाहाच्या दिशेनं वेढ्यांभोवती वळव, अंगठ्याकडचं टोक उत्तर ध्रुव. जोडणी उलटली की ध्रुव उलटतात, जोर तेवढाच राहतो.

भाची: मग बोल्ट दूर ढकलला जाईल?

मामा: नाही. चुंबकाच्या ध्रुवासमोर बोल्टमध्ये विरुद्ध ध्रुव तयार होतो, म्हणून तो दोन्ही वेळा ओढलाच जातो. उलटा प्रवाह कामी येतो तो सोडताना. भंगार उचलणाऱ्या क्रेनच्या चुंबकात थोडं चुंबकत्व उरतं. क्षणभर थोडा उलटा प्रवाह दिला की ते पुसलं जातं.

भाची: सूरजागडचं लोहखनिजही असंच उचललं जाईल?

मामा: ते मुख्यतः हेमॅटाइट. त्यावर चुंबकाची ओढ फार क्षीण असते. मॅग्नेटाइट मात्र चटकन चिकटतं.

भाची: हे घरी पाहता येईल?

मामा: खिळ्यावर इनॅमलची तार गुंडाळ, टोकं खरवडून सेलला क्षणभर जोड आणि शेजारी होकायंत्र ठेव. सेल उलटला की सुई फिरेल. घरच्या सॉकेटला मात्र ही तार कधीही जोडू नकोस.