‘कुलूप’ लघुपट आणि प्रेक्षकांची वही

लघुपट म्हणजे थोड्या वेळाचा चित्रपट. आमच्या सातवीच्या वर्गाने बाईंच्या मोबाइलवर ‘कुलूप’ नावाचा सहा मिनिटांचा लघुपट तयार केला, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण तो दाखवून झाल्यावरही बरेच काम असते. प्रेक्षक काहीबाही बोलतात, त्याचे काय करायचे, हे या लेखात सांगतो.

गोष्ट अशी. दिवाळीच्या सुमारास आपल्या गावची कोयती ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती ऊस तोडून फेडायची. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालते. तोवर घराला कुलूप. कुणाची मुले आजीजवळ राहतात, कुणाची हंगामी वसतिगृहात, तर कुणाची बरोबर जातात. आमच्या गोष्टीतली चौथीची मुलगी आईबापाबरोबर जाते.

पहिला खेळ कोयती परतल्यावर पालकसभेत झाला. बाईंनी आम्हाला आधीच बजावले होते, “प्रेक्षक बोलत असताना मधे बोलायचे नाही. जो शब्द येईल तोच वहीत लिहायचा. आणि ‘आवडला का?’ असे मुळीच विचारायचे नाही.” कारण तसे विचारले की लोक ‘छान’ म्हणतात. पाहुणा खारट भाजीलाही छानच म्हणतो. त्याऐवजी आम्ही दोन प्रश्न विचारले : तुम्ही काय पाहिलंत? कुठं समजलं नाही?

वहीत सव्वीस शेरे जमले. त्यांतले नऊ एकच होते, की बोलणे ऐकू येत नाही, वाराच वाजतो. वेगवेगळ्या जागी बसलेली नऊ माणसे एकच सांगतात, तिथे वाद कशाला? वर्गाच्या खिडक्या लावून, भोवती गोधड्या टांगून आम्ही संवाद पुन्हा बोललो. गोधड्यांमुळे आवाज घुमत नाही.

एक आजोबा म्हणाले, “ट्रॅक्टर भर दुपारचा निघतोय व्हय रे? आमी तर कोंबडं आरवायच्या आत भाईर पडतो.” पहाटेच्या अंधारात मोबाइलला नीट दिसत नाही, म्हणून चित्रण दुपारी केले होते. आता तो भाग दिवेलागणीला घेतला आणि कोंबड्याचा आवाज जोडला. पडद्यावर सांजवेळ आणि पहाट सारखीच दिसते. चित्रपटवालेही असे करतात.

खरी अडचण पुढेच होती. मागे बसलेल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “पोरीला आई वढत नेतीय असं दावलंय तुम्ही. आम्ही काय हौसेनं नेतो व्हय लेकरं? मागं म्हातारं माणूस नसलं तर लेकरू कुणापाशी ठिवायचं?” सगळे गप्प झाले. नंतर वर्गात भांडण जुंपले. काही जण म्हणाले, ही गोष्ट मावशींची नव्हेच, त्यांनी उगीच अंगाला लावून घेतली. काही म्हणाले, तो प्रसंगच काढून टाका.

मला दोन्ही पटले नाही. शेऱ्यात दोन गोष्टी असतात, दुखणे आणि औषध. कुठे दुखते ते रोग्याला कळते, पण तो सांगेल ते औषध बरोबर असेलच असे नाही. मावशींनी औषध सांगितलेच नव्हते. त्यांना काय दिसले, एवढेच सांगितले होते.

तेव्हा बाईंनी लेव्ह कुलेशोव्हची माहिती दिली. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात या दिग्दर्शकाने एका नटाचा चेहरा पडद्यावर दाखवला. चेहरा तोच, पण एकदा त्याला जोडून सुपाची वाटी दाखवली, एकदा शवपेटी. लोकांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा दुःख दिसले! म्हणजे चेहऱ्याचा अर्थ शेजारच्या चित्रावर ठरतो. आमच्या लघुपटात शाळेची घंटा, मग मुलीचे मागे वळून पाहणे, मग आईचा चेहरा आणि लगेच हात धरणे, असा क्रम होता. त्यामुळे आई रागावलेली दिसे.

आम्ही मावशींच्या घरी गेलो आणि निघायच्या दिवशी काय काय करता ते विचारले. त्या म्हणाल्या, “भांड्याच्या आधी दप्तर बांधलं हुतं म्या.” हे आमच्यापैकी कुणालाच सुचले नसते. आता आधी आजीची रिकामी बाज दिसते, मग पेटीत दप्तर ठेवणारे हात, मग आईचा तोच चेहरा. चेहरा पुन्हा चित्रित केला नाही. तरी राग गेला आणि काळजी दिसू लागली. हा भाग इतरांच्या आधी मावशींना दाखवला. त्यांनी दोनदा लावायला सांगितला.

सगळेच शेरे घेतले असे नाही. एक पाहुणे म्हणाले, शेवटी मुलगी परीक्षेत पहिली आलेली दाखवा. ते आम्ही घेतले नाही. पाच-सहा महिने शाळा बुडून पहिला नंबर येत असेल, तर शाळा बुडाल्याने काही बिघडतच नाही असा अर्थ होईल. पाहुण्यांना तसे नम्रपणे सांगितले. मुकादमाचा प्रसंग वगळा, असेही एक काका म्हणाले. तो ठेवला, कारण उचल दिसली नाही तर माणसे गाव का सोडतात तेच कळणार नाही. पण मुकादमानेही पैसे वरून आणलेले असतात, कोयता पळाला तर रक्कम त्याच्या गळ्याशी येते, हे काकांचे म्हणणे खरे होते. त्यासाठी मुकादमाच्या तोंडी एक वाक्य घातले.

शेवटची परीक्षा आवाज बंद करून घेतली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ मूकपट होता. मराठी बोलपट १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने सुरू झाला. तोवर चित्रांनाच गोष्ट सांगावी लागे. आम्ही नवा ‘कुलूप’ तिसरीच्या मुलांना मुकाच दाखवला. दप्तर आणि बाज त्यांना कळली. उचल मात्र कळली नाही, एकाने तर ‘बक्षीस देतायत’ असे सांगितले. तेवढा भाग अजून जोडायचा आहे.

पुढच्या पालकसभेला दुसरा खेळ आहे. वही या फलकाशेजारी सुतळीने बांधली आहे, पेन्सिलही आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सातवीच्या कुणालाही सांगावे, तो जसेच्या तसे लिहून घेईल.