विद्यापीठाचा इंग्रजी विभाग आणि आपला तिसरीचा वर्ग



विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात एम.ए.चे वर्ग असतात, संशोधन असतं, व्याख्यानं आणि चर्चासत्रं होतात. आपल्या तिसरीच्या मुलांना त्याचं काय, असं कुणालाही वाटेल. पण मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातल्या एका प्राध्यापकांचा धागा आपल्या कुंडलिकेच्या काठापर्यंत येतो.

ते प्राध्यापक म्हणजे कवी निसिम इझिकेल (१९२४-२००४). १९७२ ते १९८५ या काळात ते मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, १९८८ साली पद्मश्री. ते बेने इस्रायल समाजाचे. हा ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात राहिला, तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर आणि चक्क अष्टमकर! या समाजाची बोली मराठीच. इझिकेल स्वतः मुंबईत वाढले, लिहिलं इंग्रजीत. पण १९७५ मध्ये वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संतांच्या मराठी कवितांचे इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केले. नाबर यांनीही पुढे याच विभागाचं प्रमुखपद सांभाळलं. म्हणजे इंग्रजी विभागातल्या माणसांनाही मराठी लागलीच.

हे मुद्दाम सांगते, कारण जूनमध्ये पालक दाखला मागायला येतात तेव्हा कारण एकच असतं, “मॅडम, इंग्रजी पाहिजे.” त्यांची काळजी खोटी नाही. पण आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, हे पुष्कळांच्या लक्षातच नसतं. आणि विंदा करंदीकर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, त्यांनी शेक्सपिअरचा ‘किंग लिअर’ मराठीत आणला, नि मुलांसाठी कविता लिहिल्या त्या मराठीतच. मुलाची मराठी काढून घेतली म्हणून इंग्रजी वाढत नाही. उलट, मुलाला सांगायला काही उरत नाही.

आता वर्गातलं. इझिकेल यांची विंचवावरची कविता कित्येक पाठ्यपुस्तकांत आली आहे. प्रसंग असा: पावसाची रात्र, तांदळाच्या पोत्याखाली लपलेला विंचू आईला चावतो, शेजारी कंदील घेऊन धावत येतात, मंत्र होतात, औषधं होतात. वीस तासांनी वेदना थांबते, तेव्हा आई देवाचे आभार मानते, की विंचू मुलांना नाही चावला. हे सगळं आपल्या घरातलंच आहे. तिसरीला मूळ कविता झेपणार नाही, ती आणूच नका. गोष्ट मराठीत सांगा. मग मुलांना त्यांच्या घरातला विंचवाचा किस्सा सांगू द्या. थांबवू नका, मुलं फार रंगतात! नंतर फळ्यावर पाचच शब्द: रेन, राइस, लॅम्प, मदर, नेबर. त्या शब्दांची वाक्यं करायला लावा.

इथे ‘मदर राइस कुक’ असं वाक्य येणारच. त्यावर लाल रेघ मारायची घाई नको. मूल मराठीसारखं क्रियापद शेवटी ठेवतंय. ‘आई भात शिजवते’ हे वाक्य खाली लिहा, शब्दांना बाण काढा, क्रियापद कुठे सरकलं ते मुलांनाच शोधू द्या. व्याकरणाचा एक तास वाचतो. इझिकेल यांनी तर भारतीय माणसं जशी इंग्रजी बोलतात तशाच बोलीत काही कविता रचल्या आहेत. त्यांतली थट्टा पटो न पटो, कान लावून ऐकणं मात्र शिकण्यासारखं आहे.

पालकांसाठी काम सोपं आहे. घरी आजीला विंचवाची गोष्ट विचारा, मुलाला ती ऐकू द्या. इंग्रजी येत नसलं तरी चालतं. माझ्या वर्गात अडतं ते ‘इंगळी’वर. विंचू म्हणजे स्कॉर्पिअन, मग इंगळीला काय म्हणायचं? ‘बिग ब्लॅक स्कॉर्पिअन’ सांगितलं की मुलं हिरमुसतात. तीन शब्द लागतात त्याला!