कोल्हापूर–नागपूर : हवाई अंतर आणि प्रवासाची वेळ

कोल्हापूर महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, तर नागपूर ईशान्येकडे. या दोन शहरांतील विमानतळांचे अंतर किती आणि ते तोडण्यास किती वेळ लागतो, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. तथापि 'अंतर' व 'वेळ' या दोन्ही शब्दांचे अर्थ नीट लक्षात न घेतल्यास दौऱ्याचे, प्रशिक्षणाचे वा रुग्णास हलविण्याचे नियोजन फसू शकते.

अंतराची मोजणी

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचे अंतर होय. कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ सुमारे १६.६७ अंश उत्तर अक्षांश व ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा सोनेगाव येथील विमानतळ २१.०९ व ७९.०५ अंशांवर. अक्षांशांतील फरक ४.४२ अंश. एका अंशाचे सुमारे १११ किलोमीटर धरल्यास हे अंतर ४९० किलोमीटर भरते. रेखांशांतील फरक ४.७६ अंश आहे. परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. त्यामुळे १९ अक्षांशाच्या आसपास रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटरच भरतो. म्हणून हे अंतर ५०० किलोमीटर. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण येतो सुमारे ७०० किलोमीटर. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना हे गणित नकाशा समोर ठेवून सहज करता येईल.

या मोजणीला प्रशासकीय महत्त्वही आहे. २०१६ साली जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत विमानमार्गाची लांबी पाहून भाड्याची मर्यादा व अर्थसाहाय्य ठरविण्याची पद्धत आहे.

वेळेचा हिशेब

ताशी ८०० किलोमीटर वेगाचे जेट विमान हे अंतर ५३ मिनिटांत कापेल, असे भागाकार सांगतो. प्रत्यक्षात चढताना व उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जावे लागते, मार्गही अगदी सरळ नसतो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतची असल्याने ती साधारण सव्वा ते दीड तास होते. पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जात असल्याने त्यास आणखी अर्धा तास लागतो.

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात. त्यांचे ताशी ६० किलोमीटर साहाय्य लाभल्यास नागपूरकडे जाताना ४९ मिनिटे पुरतील. तेवढाच विरोध झाल्यास परतीला ५७ मिनिटे लागतील.

प्रवाशाची वेळ

थेट विमान नसेल आणि मुंबईत ते बदलावे लागले, तर हवाई अंतरच सुमारे ९९० किलोमीटर होते. प्रतीक्षेचा वेळ निराळा. गडचिरोलीच्या कर्मचाऱ्यास नागपूर गाठण्यास रस्त्याने तीन-चार तास लागतात. विमानतळावर दीड ते दोन तास आधी पोहोचावे लागते. थेट विमान मिळाले तरी कोल्हापूर शहरात पोहोचेपर्यंत सात-आठ तास सहज जातात. तिकिटावरील दीड तास हा त्यातील लहानसा भाग होय.

म्हणून सभा, प्रशिक्षण किंवा रुग्णाची रवानगी ठरविताना घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ हिशेबात धरावा. हवाई सेवेचा लाभ गावापर्यंत पोहोचण्यासाठी धावपट्टीइतकेच तेथे नेणारा रस्ता आणि वेळेवर धावणारी एसटी यांनाही महत्त्व आहे.